धूळ खात पडलेली जुनी एमटीबी पुन्हा वाटेवर कशी आणावी

माझी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, मुळात चुलत भावाची. इंजिनिअरिंगला असताना त्याने ती घेतली, नोकरी लागल्यावर जिन्याखाली लावली आणि ती तिथेच बारा वर्षं राहिली. स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, पुढे तीन नि मागे सात गिअर, पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा. मी घरी आणली तेव्हा पहिल्या उत्साहात नवे शिफ्टर (हँडलवरचे गिअरचे खटके), नवा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा), नवी चेन असं सगळं बसवून घेतलं. गिअर अगदी अलगद पडू लागले. पण मुळशीकडच्या कच्च्या रस्त्यावर पहिल्याच रविवारी तासाभरात मनगटं आणि पाठ भरून आली, आणि उतारावर आपण हँडलवरून पुढे फेकले जाऊ अशी धास्ती वाटत राहिली. पैसे खर्च झाले होते, पण चुकीच्या जागी.

कारण पुढे कळलं. त्या काळच्या एमटीबीचा साचा शर्यतीचा आहे. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री शर्यत आली त्या सुमाराच्या सायकली बघा: लांब स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा), आखूड सरळ हँडल, चालवणारा पार पुढे झुकलेला. साध्या, स्वस्त सायकलीही त्याच बेताच्या. आपल्याला मात्र सकाळी निघून मुरुमाच्या रस्त्याने, धरणाच्या कडेकडेने जायचंय, कुठेतरी टपरीवर चहा घ्यायचाय आणि धडधाकट घरी यायचंय. त्यासाठी पैसे टायर, ब्रेक आणि बसण्याची ढब यांवर घाला. उरलेलं स्वच्छ आणि चालतं असलं की पुरे.

१. आधी फ्रेम तपासा, मगच खिशात हात घाला

सायकल घरचीच असेल तर प्रश्न नाही. जुन्या बाजारातून किंवा ओळखीतून विकत घेत असाल तर मूळ बिल मागा. ते नसेल तर साध्या कागदावर विक्रीची पावती लिहून घ्या: तारीख, रक्कम, विकणाऱ्याची सही आणि फ्रेम नंबर. हा नंबर बहुतेक सायकलींना खाली, जिथे दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) जोडलेले असतात त्या नळीच्या पोटाला ठोकलेला असतो. तो खरवडलेला दिसला तर सायकल कितीही चांगली असो, घेऊ नका.

मग ओल्या फडक्याने सगळी फ्रेम पुसा आणि उन्हात नेऊन बघा. हँडलची नळी ज्या दोन नळ्यांना जोडलेली असते तो सांधा, सीट आवळायची खाच, खालची बॉटम ब्रॅकेटची (क्रँकचा आस फिरतो ती) नळी आणि मागचं चाक बसतं त्या खाचा, या चार जागी तडा जातो. पुढून धडक बसलेली असेल तर हँडलच्या मागे खालच्या नळीच्या पोटाशी रंग सुरकुतलेला दिसतो. नखाने चाचपलं तरी कळतं.

फ्रेम वाकडी आहे का हे बघायला दोरा पुरतो. मागच्या चाकाच्या उजव्या खाचेला दोरा बांधा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून डाव्या खाचेपर्यंत ताणून आणा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं हवं. दोनेक मिलिमीटरचा फरक चालून जातो; सहा-सात असेल तर सायकल हात सोडला की एका बाजूला ओढणार.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा असेल तर विषय संपला, ती भंगारात. स्टीलची फ्रेम डागता येते, पण हँडलच्या सांध्यावरचं वेल्डिंग मी कधी वापरणार नाही. तो सांधा उतारावर तुटला तर सावरायला काहीच उरत नाही.

२. हत्यारं

एवढी जवळ असू द्या:

- ४, ५ आणि ६ मिमीच्या एलन की
- ८ ते १७ मिमीपर्यंतचे पाने. पायडलसाठी १५ मिमीचा
- कोन पाने, पातळ (चाकाच्या आसावरचे कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारे नट, फिरवायला): पुढच्या चाकाला बहुधा १३ मिमी, मागच्याला १५ मिमी
- क्रँक पुलर, चेन कटर, फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) खोलायची चावी
- टायर लिव्हर, हवेचा काटा असलेला पंप
- घट्ट ग्रीस, गंज सोडवणारं तेल, रॉकेल, जुने दात घासायचे ब्रश, फडकी

क्रँक पुलर आणि फ्रीव्हीलची चावी वर्षातून एकदा लागते. नेहमीच्या सायकलवाल्याकडे तेवढं काम करून घेतलंत तरी चालेल. कोन पाने मात्र स्वतःचे घ्याच.

३. खोलताना

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वायसर कुठल्या क्रमाने होते, केबल कुठल्या बाजूने गेली होती, हे आठवड्याने आठवत नाही. प्रत्येक जागेचे नट वेगळ्या डबीत ठेवा.

दोन ठिकाणी आटे उलटे असतात आणि नवखा माणूस हमखास तिथेच अडतो. डावं पायडल उलट्या आट्यांचं आहे. लक्षात ठेवायची सोपी खूण: पाना पायडलवर उभा, वरच्या दिशेने लावा आणि मागच्या चाकाकडे ओढा. डावं असो वा उजवं, तसंच सुटतं. दुसरी जागा बॉटम ब्रॅकेटचा चेनच्या बाजूचा कप. एमटीबीत सर्रास आढळणाऱ्या बीएसए आट्यांच्या नळीत तो उजवीकडे फिरवून सुटतो. मला हे माहीत नव्हतं. मी पाइप लावून जोर केला आणि कपाच्या खाचा खाऊन टाकल्या. शेवटी तो काढायला वर्कशॉप गाठावं लागलं.

सीटचा दांडा अडकलेला असणं ही जुन्या सायकलीची नेहमीची व्यथा. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं हलला नाही की दोन धातूंमध्ये गंज धरतो; कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेने जास्तच. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा घाला, मग सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा. उपसायची घाई करू नका. माझ्या सायकलीला तीन दिवस लागले. निघाल्यावर दांड्यावर ठोकलेला व्यास वाचून ठेवा. २७.२ मिमी बऱ्याच सायकलींना असतो, पण २५.४ पासून ३१.६ पर्यंत काहीही सापडतं, आणि चुकीचा दांडा ०.२ मिमीने बारीक असला तरी घसरत राहतो.

४. चाकं आणि टायर

थोडं तपशिलात सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

दुकानात ‘२६ चा टायर द्या’ म्हणालात तर तुमच्या हातात दोन वेगळ्या मापांपैकी कुठलाही पडू शकतो. एमटीबीचा टायर २६ × १.९५, २६ × २.१ असा दशांशात लिहिलेला असतो आणि त्याच्या रिमचा व्यास ५५९ मिमी. साध्या सायकलीचा २६ × १ ३/८ असा अपूर्णांकातला टायर ५९० मिमीच्या रिमचा. नावात दोन्ही २६, पण एक दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ‘५४-५५९’ असा आकडा छापलेला असतो. त्यातला ५५९ बघूनच पैसे द्या. नव्या एमटीबींची २७.५ इंची चाकं ५८४ मिमीची आणि २९ इंची ६२२ मिमीची असतात, त्यामुळे मित्राकडचा जास्तीचा टायरही उपयोगी पडेलच असं नाही.

रिम स्टीलची, चकचकीत क्रोमची असेल तर ती बदला. पावसात अशा रिमवर ब्रेकचं रबर धरतच नाही. ॲल्युमिनियमची असेल तर ब्रेक घासतो त्या पट्टीवर स्टीलची पट्टी आडवी टेकवून बघा. मध्ये खोलगट झालेली दिसली तर भिंत पातळ झालीय आणि हवेच्या दाबाने कधीतरी फाटणार.

चाक डगडगतंय, लडखडतंय म्हणून ते टाकून देऊ नका. आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून देणारे चांगले कारागीर अजून आहेत. तारा एकेक करून दोन बोटांनी दाबून बघा. एका बाजूच्या सगळ्यांचा ताण सारखा लागला पाहिजे. दोन-तीन तारा पार ढिल्या असतील आणि चाक तरी सरळ असेल, तर कुणीतरी वाकडी रिम ताणून सरळ दाखवलीय.

टायर २.१ इंचांच्या आसपासचा घ्या, जुन्या फ्रेममध्ये मावेल तेवढा. मागच्या नळ्यांमध्ये आणि टायरमध्ये दोन्हीकडे किमान ५-६ मिमी जागा राहायला हवी. आमच्या देशावरच्या टेकड्यांवर सुटा मुरूम असतो, तिथे कडेच्या गुट्ट्या (रबराचे उंचवटे) ठळक आणि मधल्या जरा दाट असा टायर बरा. डांबरी रस्त्यावरही तो गुरगुरत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेला जाऊच नका, टायर कुठलाही असो. शंभर पावलांत माती ब्रेकमध्ये लिंपून चाक फिरायचं थांबतं. मुरूम आणि लाल माती पाणी लवकर सोडतात.

हवा कमी ठेवा. पंपावरचा माणूस सवयीने दगडासारखी टणक भरून देतो, आणि मग प्रत्येक खडा तुमच्या मनगटात येतो. माझं वजन ७२ किलो; मी पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय ठेवतो. फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी भोकं दिसली तर दोन-तीन पीएसआय वाढवा.

आणि बाभळीचे काटे. टायरच्या आत लायनरची पट्टी घाला. जुनी ट्यूब उभी कापून घातली तरी निम्मं काम होतं. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, मोडलेलं काट्याचं टोक तिथे अडकतं. ते तसंच राहिलं तर दहा मिनिटांत दुसरं पंक्चर.

५. छर्रे आणि ग्रीस

जुन्या माणसांच्या तोंडी ‘ओव्हरऑइल’ असलेलं काम हेच. दोन्ही हब (चाकांचा मधला भाग), हँडलचं बेअरिंग आणि सुटं असेल तर बॉटम ब्रॅकेट उघडा, रॉकेलने धुवा, नवे छर्रे घाला. साधारणपणे पुढच्या हबमध्ये दर बाजूला ३/१६ इंचाचे १०, मागच्या हबमध्ये १/४ इंचाचे ९ छर्रे असतात. तुमच्यात निघाले तेवढेच मोजून घाला. छर्रे स्वस्त आहेत, जुने परत वापरू नका. कोनावर खड्डे पडलेले दिसले तर कोनही बदला. आतला कप खड्ड्यांचा असेल तर हबच बदलावं लागतं.

माउंटन बाइकिंगचा जन्मच असल्या कामातून झालाय. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली दुरुस्त करून डोंगरावरून खाली सोडायची. पायडल उलटं मारून लावायचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं, आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. १९७६ साली तिथे सुरू झालेल्या शर्यतीचं नाव त्यावरूनच ‘रीपॅक’ पडलं. पहाटे ग्रीसमध्ये हात घालताना मला ती पोरं नेहमी आठवतात.

कोन आवळताना: आस बोटांनी फिरवला तर खरखर नको आणि रिम धरून हलवली तर खडखड नको. क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडवायचा खटका) असलेल्या चाकात किंचित, अगदी जाणवेल न जाणवेल इतकी ढील ठेवा. खटका दाबला की ती नाहीशी होते.

६. ब्रेक

बहुतेक जुन्या एमटीबींना रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे व्ही-ब्रेक किंवा त्याआधीचे कँटिलिव्हर असतात. दोन्ही एकाच खुंट्यांवर बसतात, म्हणून कँटिलिव्हर काढून व्ही-ब्रेक लावणं सोपं आणि फायद्याचं. पण लिव्हरही व्ही-ब्रेकची घ्या. जुनी लिव्हर केबल कमी ओढते, आणि व्ही-ब्रेकला जास्त ओढ लागते. जोडी चुकली तर लिव्हर हँडलला टेकते आणि सायकल थांबत नाही.

दुसरा सापळा बाहेरच्या केबलचा. ब्रेकची बाहेरची केबल आतून स्प्रिंगसारखी वेटोळी असते, गिअरची सरळ तारांची. दिसायला सारखीच. गिअरची केबल ब्रेकला लावली तर जोरात ब्रेक दाबल्यावर ती फाटू शकते. कापलेल्या टोकाकडे बघून खात्री करा. दुकानात घाईने चुकीची मिळते, माझ्या बाबतीत झालंय. ते घरी टोक बघताना लक्षात आलं म्हणून निभावलं.

रबरं नवी घाला, रिम स्पिरिटने पुसा. डिस्क ब्रेकच्या नादी लागू नका. त्यासाठी फ्रेमवर, चिमट्यावर आणि हबवर वेगळी सोय लागते, आणि ती करायला जो खर्च येतो त्यात दुसरी जुनी सायकल येते.

७. चिमटा

वीस वर्षं जुना स्वस्त स्प्रिंगचा चिमटा बहुधा गंजून जाम झालेला असतो. मग तो नुसतं वजन असतो. पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली दाबा. दबला आणि अलगद वर आला तर राहू द्या. नसेल तर साधा, बिनस्प्रिंगचा स्टीलचा चिमटा लावा. २.१ चा टायर कमी हवेत तेवढा धक्का खातो.

उंची मोजूनच घ्या: चाकाच्या आसाच्या मध्यापासून वर बेअरिंगची कडी बसते तिथपर्यंत. माझा जुना ४५० मिमीचा होता, नवा ४३० चा लावला. जुना तसाही वजनाने वीसेक मिलिमीटर दबायचाच. यापेक्षा फार आखूड लावला तर सायकल पुढे झुकते आणि उतारावर हँडल चंचल होतं. चिमट्यावर ब्रेकच्या खुंट्या आहेत ना, वरच्या नळीला आटे आहेत की नाहीत आणि ती पुरेशी लांब आहे ना, हेही बघा. जुना चिमटा बरोबर घेऊनच दुकानात जा.

८. हँडल, स्टेम, सीट

माझी सायकल खऱ्या अर्थाने बदलली ती इथे. १२० मिमीचा स्टेम काढून ७० चा लावला, ५६० मिमीचं सरळ हँडल काढून ७०० मिमीचं, थोडं वर उचललेलं लावलं. पाठ वर आली आणि मनगटांवरचा भार गेला. रुंद हँडलमुळे दगडावरून चाक गेलं तरी हातातून निसटत नाही. दोन्ही एकदम बदला. नुसतं रुंद हँडल लांब स्टेमवर लावलं तर हात आणखी ताणले जातात.

हँडल ज्या जागी आवळलं जातं तिथला व्यास जुळायला हवा: जुन्यांचा २५.४ मिमी, नव्यांचा बहुधा ३१.८. म्हणून स्टेम आणि हँडल जोडीनेच घ्या. हँडल रुंद झालं की जुन्या केबल कमी पडतात, तेव्हा नव्या केबल याच्यानंतरच कापा. कापण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

स्टेमला खाली लांब दांडा असेल, म्हणजे तो चिमट्याच्या नळीच्या आत जाऊन वरच्या बोल्टने फुगून बसत असेल, तर नवा स्टेम लावायला ॲडॉप्टर मिळतो. त्याचा व्यास २२.२ हवा की २५.४, हे जुना दांडा मोजून ठरवा.

सीटची उंची: टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला न्या, गुडघा सरळ व्हायला हवा. मग पंजा ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक राहतो. उताराच्या वाटेवर सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. दांड्यावरची कमाल उंचीची रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर फ्रेम तिथेच फाटते.

९. गिअर

हल्ली पुढची एकच चकती ठेवायची पद्धत आहे. सह्याद्रीच्या चढांसाठी, सात गिअरच्या जुन्या सायकलीवर, मला ती पटत नाही. पुढे ३२ दात, मागे मोठ्यात मोठा ३४. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ०.९४ फेरे फिरतं. तुमच्या सायकलीवर आधीच असलेली २२ ची छोटी चकती आणि तोच ३४ घेतला तर ०.६५. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर ताशी पाच किलोमीटरच्या आत, म्हणजे चालण्याच्या वेगाने, पण सीटवर बसून चढ संपतो. निवांत भटकंतीत हाच गिअर सोन्याचा.

मी सर्वांत मोठी ४२ दातांची चकती काढली, तिच्या जागी दगडापासून वाचवणारी कडी लावली आणि २२ नि ३२ ठेवल्या. मागे १४ ते ३४ चं सात गिअरचं फ्रीव्हील. काही स्वस्त क्रँकना चकत्या रिबिटने कायमच्या जोडलेल्या असतात, तिथे आहे ते राहू द्या. मागचा जुना डिरेलर ३४ दात पेलतो का हे हाताने फिरवून बघा. वरचं छोटं चाक दातांना घासता कामा नये.

चेन मोजा: एका पिनच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी. ३०६.५ च्या पुढे गेली की चेन बदला. ३०८ झाली असेल तर फ्रीव्हीलही झिजलंय, आणि नवी चेन त्यावर दात सोडत राहील.

१०. पहिली फेरी

रस्त्यावर नेण्याआधी उभी सायकल जमिनीवर दोन इंच उचलून आपटा. काहीही खडखडलं तर तो आवाज शोधा. ब्रेक दोन्ही हातांनी पूर्ण ताकदीने दाबून ठेवा. केबल सरकली तर ती इथे सरकू दे.

पहिली फेरी घराजवळ, पाच-सहा किलोमीटर. परत आल्यावर क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा, हे विसरू नका. चौकोनी आसावर ढिला क्रँक चालवला तर त्याचं भोक खाल्लं जातं आणि तो कधीच घट्ट बसत नाही. दुसरी फेरी एखाद्या टेकडीवर. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी आहे, पण सकाळी तिथे चालणारी माणसं खूप असतात. थांबून त्यांना जाऊ द्या, घंटी असू द्या. जंगलखात्याच्या वाटेवर सायकल चालते का हे आधी विचारून घ्या. सायकल अंगाला बसली की लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंतचा साधारण १५ किलोमीटरचा कच्चा रस्ता ठेवा, थंडीच्या दिवसांत.

बरोबर एक ट्यूब, पंप, टायर लिव्हर, ५ मिमीची एलन की, चेनचा जोड आणि दोन लिटर पाणी. शंभरेक किलोमीटर झाले की चाकांची आउट पुन्हा एकदा काढून घ्या, नव्या आवळलेल्या तारा तोवर बसतात आणि थोड्या ढिल्या होतात.